वाळू नसलेला समुद्र

समुद्रावर जावयाचे म्हणजे वाळूवर जावयाचे, अशी आपणा पांढरपेशा मंडळींची लहानपणापासूनची समजूत असते. समुद्राला आपण लांबून नमस्कार करतो. आपला खरा व्यवहार चालतो तो वाळूशी. मुलांनी वाळूत किल्ले बांधावयाचे, बायकांनी भेळेचे पुडे हाती धरून गप्पा मारावयाच्या, आणि माझ्यासारख्या वयस्क गृहस्थाने विजारीचे पाय चार बोटे वर दुमडून, लाटेला घोट्यापर्यंतच येण्याची परवानगी देऊन, जगाच्या दुःखाचा विचार करीत इकडून तिकडे फेऱ्या घालावयाच्या. वाळूची मोठी सोय ही की, ती पायाखाली आहे हे खुशाल विसरता येते. चिंतनाला ह्यापरते सुख नाही. ज्या किनाऱ्यावर हे विसरता येत नाही, जेथे प्रत्येक पाऊल खाली पाहून टाकावे लागते, तो किनारा आपण किनारा म्हणून हिशेबातच धरीत नाही. नकाशावर असतो, एवढेच.

माझी ही समजूत थोडी जुनी व बरीच पक्की होती. ती हलावी असा एक प्रसंग पूर्वी येऊन गेला होता. पण तेव्हा ती हलली नाही.

त्याला पंचवीस-सव्वीस वर्षे होऊन गेली. मी नुकताच कॉलेजात इंग्रजी शिकवावयास लागलो होतो, आणि नव्या शिक्षकाच्या अंगी जेवढी विद्वत्ता असते तेवढी पुढे कधीच राहत नाही, ह्या न्यायाने फार विद्वान होतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, डहाणू तालुक्यातील वाढवण गावचा एक मुलगा बसत असे. अबोल, काळासावळा, हस्ताक्षर मात्र मोत्यासारखे. एका सोमवारी तो आमच्या खोलीत आला आणि वर्तमानपत्रात बांधलेले डझनभर चिकू माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “सर, एकदा आमच्याकडे या. पण आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडे वाळू नाही.” मी हसलो, चिकू ठेवून घेतले आणि ‘येईन हं’ म्हणालो. असली आमंत्रणे शिक्षकाला वर्षाकाठी दहा-पाच येतात. ती स्वीकारावयाची असतात, पाळावयाची नसतात.

गेल्या माघात मात्र हे आमंत्रण पाळण्याचा योग आला. निमित्त घडले ते माझ्या एका स्नेह्यांचे. हे भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या मोटारीत बसावयाचे म्हणजे एक प्रकारचे साहसच असते. कारण रस्त्याच्या कडेला कापलेला डोंगर दिसला की त्यांची नजर तिकडे जाते आणि नजरेमागोमाग मोटारही जाऊ लागते. पौर्णिमेचा दिवस होता. माझे स्नेही, त्यांची पत्नी, आमची सौभाग्यवती आणि मी असे चौघेजण ठाण्याहून सकाळी निघालो. पालघर, बोईसर, तारापूर करीत किनाऱ्याकिनाऱ्याने जमेल तितके वर जावयाचे आणि रात्री परत फिरावयाचे, इतकाच बेत.

मनोरपर्यंतचा हमरस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे वर्णन करून वाचकांना धूळ खावयास लावण्यात अर्थ नाही. मनोरहून पश्चिमेस वळले म्हणजे पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी आमच्या ठाणे जिल्ह्यातून फुटून पालघर राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. मला ते अजून घरातून वेगळ्या झालेल्या धाकट्या भावासारखे वाटते, आणि त्याच्या नव्या कचेऱ्या पाहिल्या की थोडा अभिमान व थोडे वैषम्य अशी संमिश्र भावना होते. गावातील हुतात्मा चौकापाशी आम्ही मोटार थांबविली. १४ ऑगस्ट १९४२ रोजी येथे गोळीबार होऊन पाच जण धारातीर्थी पडले. चौकात त्या वेळी भाजीच्या गाड्यांची व रिक्षांची एवढी गर्दी होती की, पादत्राणे काढून क्षणभर उभे राहण्यास जागा शोधावी लागली.

बोईसरला आलो की हवेचा वास बदलतो. येथील कारखान्यांच्या वसाहतीचे नाव तारापूरचे, पण वसलेली बोईसरला. म्हणजे कीर्ती एकाची आणि धूर दुसऱ्याचा. तारापूरच्या बाजूस समुद्रकाठी अणुवीजकेंद्र आहे. देशातील हे पहिले. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी रीतसर चालू झाल्या. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन बांधल्या गेल्या. त्यांतली गंमत अशी की, चौथी २००५ साली चालू झाली आणि तिसरी तिच्या मागाहून २००६ साली. ह्या दोहोंसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. आमच्या स्नेह्यांच्या पत्नीने विचारले, “गावे उठली म्हणजे कोठे गेली?” त्यावर आम्ही दोघे प्राध्यापक क्षणभर गप्प झालो. पुनर्वसन हा शब्द आम्हांस ठाऊक होता. पण त्यांचा प्रश्न त्या शब्दाविषयी नव्हता.

तारापूरच्या किल्ल्याजवळून जाताना माझ्या मनात बाजी भिवराव रेठरेकर होता. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, तारापूर घेताना तो पडला. वसई हाती आली ती मे महिन्यात. ती पाहावयास तो उरला नाही. आपण शाळेत वसईचा विजय पाठ करतो, आणि तारापूर त्या धड्यातील एखाद्या ओळीत येऊन जाते.

तारापूर व चिंचणी ह्या दोन गावांच्या मध्ये खाडी आहे. ती ओलांडून चिंचणीस पोहोचलो तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. चिंचणीचा किनारा वाळूचा आहे. माणसे होती, मुले होती, कणसे भाजण्याचा वास होता. “इथेच बसू या की,” असे म्हणून दोन्ही गृहिणींनी चटई बाहेर काढली देखील. माझेही पाय आपोआप विजार दुमडण्याच्या बेतात होते. तेवढ्यात ते जुने चिकू आठवले. मी म्हणालो, “पुढे वाढवणला जाऊ. तेथे मला एक आमंत्रण आहे.” कोणाचे, असा प्रश्न आलाच, पण ज्याचे आमंत्रण त्याचा पत्ता मला माहीत नव्हता, आणि हे सांगणे मला तेथे सोयीचे वाटले नाही.

चिंचणीहून वरोर, आणि पुढे वाढवण. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना ताड, नारळ, चिकूच्या वाड्या आणि भाजीचे मळे. ह्या गावांतून दागिन्यांचे साचे कोरण्याचा घरगुती धंदा चालतो. लोखंडाच्या ठोकळ्यावर सूक्ष्म वेलबुट्टी उलटी कोरावयाची, आणि त्यावर दुसऱ्याच कुणाचे सोने सुलटे उठावयाचे; असे हे काम. मग घरे संपली, झाडे संपली आणि किनारा आला.

प्रथमदर्शनी मला जे वाटले ते प्रामाणिकपणे लिहितो. माझी घोर निराशा झाली. समुद्र ओसरून पुष्कळ दूर गेला होता. त्याने जी जागा उघडी टाकली होती, तिच्यावर नजर पोहोचेल तेथपर्यंत काळे खडक आणि दगड पसरले होते. कोठे घरंगळलेले धोंडे, कोठे भेगाळलेली सपाट लादी, मध्ये मध्ये साचलेल्या पाण्याची डबकी. जणू एखाद्या कंत्राटदाराने रस्त्यासाठी खडी आणून टाकली आणि रस्ता करण्याचे विसरून तो निघून गेला. आमची सौभाग्यवती काही वेळ तो देखावा पाहत राहिली आणि शांतपणे म्हणाली, “ह्यासाठी का चिंचणीची वाळू सोडली?” ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आनंद झाला तो एकट्या आमच्या स्नेह्यांना. ते तडक खडकावर उतरले, आणि मलाही उतरावे लागले. शेवाळ्यावरून चालण्याची एक विद्या आहे. ती विद्यापीठात शिकवीत नाहीत. दहा पावलांत दोनदा माझी बैठक झाली. त्या अवधीत स्नेह्यांचे व्याख्यान अखंड चालू होते. हा बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे जे थरावर थर पसरले, त्यांचाच भाग. ते थर येथे पश्चिमेकडे कलून समुद्राखाली गेले आहेत. म्हणजे ज्या पाषाणात आपली लेणी खोदली, ज्यावर आपले गड उभारले, त्याचाच उतार पुढे भरती-ओहोटीच्या हवाली झालेला आहे. गोट्यांत बदामाच्या आकाराच्या ज्या पोकळ्या दिसतात, ते लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे. “तुमचा शेक्सपिअर चारशे वर्षांचा,” ते मला म्हणाले, “आणि हा बुडबुडा पाहा.” मी पाहिला. बसल्या जागेवरून तो चांगला दिसत होता.

बसलोच होतो, म्हणून हाताशी आलेला एक दगड उलटवून पाहिला. दगड परातीएवढा असेल. वरून तो काळा, बुळबुळीत आणि अगदी निर्जीव दिसत होता. खालून पाहतो तो त्याच्यावर नारिंगी रंगाची कसलीशी साय धरलेली. तिच्या कडेने नखाएवढे चपटे खेकडे भराभर पळून आडोसा शोधीत होते. एक केसासारख्या बारीक पायांचा तारामासा आपले पाच पाय एकामागून एक आवरून घेत होता. आणि एका कोपऱ्यात मेणाच्या थेंबांसारखी कुणाची तरी अंडी ओळीने चिकटविलेली होती. एवढा गजबजलेला मोहल्ला मी अलीकडे पाहिला नव्हता. मला लहान मुलासारखा हर्ष झाला. मी दुसरा दगड उलटविला, तिसरा उलटविला. प्रत्येकाखाली काही निराळेच. सौभाग्यवतीला हाका मारून बोलावले. तीही पदर खोचून उतरली. अर्ध्या घटकेत आम्ही सात-आठ दगड तरी उताणे केले असतील.

“अहो, ते दगड होते तसे पालथे घाला.”

मागे वळून पाहिले. साठीच्या घरातील एक बाई उभी होती. कासोटा घातलेले लुगडे, कमरेला बांधलेली टोपली, हातात टोकदार लोखंडी हत्यार. मघापासून खडकांत दूर वाकलेल्या ज्या दहा-बारा काळ्या आकृती मला खडकांचाच भाग वाटल्या होत्या, त्यांतली ही एक. तिच्या आवाजात राग नव्हता. घरात आलेल्या पाहुण्याने देव्हाऱ्यातली वस्तू खाली ठेवली तर आजी ज्या स्वराने सांगेल, तो स्वर होता.

“का हो मावशी?” सौभाग्यवतीने विचारले.

“बाय, खालचं वर आलं की उन्हानं मरतं. आणि वरचं खाली गेलं की गुदमरून मरतं. एक दगड उलटा राहिला, तर तो भरायला पुन्हा दिवस जातात.”

मी ओशाळून दगड पालथे घालू लागलो. पण उचललेला दगड पुन्हा नेमका त्याच्या खोबणीत बसविणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ती बाई जवळ आली, हत्यार बाजूला ठेवले, आणि दोन दगड तिने असे बसविले की, ते कधी हलले होते असे वाटू नये. मग आपल्या कामाला लागली. आम्ही तिच्याभोवती शाळेच्या पोरांसारखे उभे राहिलो.

खडकाला चिकटलेले कालव सहसा ओळखू येत नाही; दगडाचाच एक खडबडीत पापुद्रा वाटतो. ती हत्याराचे टोक नेमक्या सांध्यात घालून वरची शिंपली उडवी, आतला मऊ गर टोपलीतल्या डब्यात टाकी, आणि पुढे सरके. पुष्कळ कालवे ती तशीच सोडून देत होती. मी कारण विचारले. “बारकी हायत. ती पुढच्या उधाणाला.” पुढचे उधाण म्हणजे अमावास्येचे. पौर्णिमा आणि अमावास्या ह्या दोन वेळांना समुद्र जितका वर चढतो तितकाच खाली उतरतो, आणि एरवी पाण्याखाली झाकलेला खडक तेवढे दोन-चार दिवस उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि खालच्या खडकापर्यंत जाता येत नाही. हे सारे तिने मला अशा सहजतेने सांगितले की, मी मनातल्या मनात भिंतीवरच्या कालनिर्णयाची क्षमा मागितली. आम्ही पंचांगात तिथी पाहतो ती उपासाकरिता. ती कालवांकरिता पाहता येते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

तिचा एक ठराविक टापू होता, असे हळूहळू माझ्या ध्यानात आले. पलीकडची बाई दुसऱ्या टापूत होती. मध्ये बांध नव्हता, खूण नव्हती. पण कोणी कोणाच्या अंगावर जात नव्हते. वाकावयाचे, वेचावयाचे, बारके राखावयाचे, उचललेला दगड जागच्या जागी ठेवावयाचा, आणि पुढल्या पंधरवड्यास पुन्हा यावयाचे. हे पाहता पाहता माझ्या मनात कोठून तरी एक तांबडी शाईची रेघ उमटली, आणि मी एकदम बेचैन झालो.

त्या मुलाचा तो निबंध. वर्गात ‘माझे गाव’ ह्या विषयावर इंग्रजीत दोन पाने लिहावयास सांगितली होती. त्याच्या निबंधात एक वाक्य होते: ‘पाणी गेले की माझी आई शेतावर जाते.’ शेतासाठी त्याने ‘फील्ड’ हा साधा शब्द वापरला होता. मी तो तांबड्या शाईने खोडला, वर ‘बीच’ असा शब्द लिहिला, आणि समासात शेरा मारला की, समुद्राकाठी शेत नसते; शब्द तपासून वापरावा. अर्धा गुणही कापला असावा. त्या निबंधातील बाकीचे मला काहीच आठवत नाही. माझा शेरा मात्र अक्षरशः आठवतो. मनुष्याची स्मरणशक्ती स्वतःच्या विद्वत्तेच्या बाबतीत फार दक्ष असते.

पंचवीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की, लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहिलेल्या वस्तूला नेमका शब्द द्यावा. त्या वर्गात हे एकाने केले होते, आणि नेमका त्याचाच शब्द मी खोडला. ‘बीच’ हा शब्द माझा होता. चिंचणीच्या चटईवरून, जुहूच्या भेळेच्या पुड्यातून, इंग्रजी कादंबऱ्यांतून आलेला. त्याच्या आईच्या टोपलीत त्या शब्दाला काही जागा नव्हती.

आणि मग दुसरे एक कोडे पडले, ते अजून सुटलेले नाही. ते चिकू त्याने आणून दिले ते निबंध परत मिळण्याच्या आधी की नंतर? आधी असतील, तर ते एका भोळ्या विद्यार्थ्याचे आमंत्रण होते. पण नंतर असतील, तर ‘आमच्याकडे वाळू नाही’ ह्या वाक्याचा अर्थ बदलतो. मग ते माझ्या शेऱ्याला दिलेले उत्तर होते. अत्यंत सभ्य, आणि वर डझनभर चिकू ठेवून दिलेले. मी तेव्हा हसलो होतो, एवढे मात्र नक्की आठवते.

स्नेही एव्हाना बरेच पुढे जाऊन पाण्याच्या कडेला उभे होते. मी त्यांच्यापाशी गेलो. समोर समुद्र निवांत होता. जेथे आम्ही पाहत होतो तेथेच, पाण्यात, ते बंदर व्हावयाचे आहे. वाचकांस ठाऊकच असेल. तरी थोडक्यात सांगतो. येथे बंदर करण्याची कल्पना १९९० नंतरच्या दशकातली. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. त्याच्या रक्षणासाठी १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील ह्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदरास नकार दिला. न्यायमूर्ती २०१९ च्या जानेवारीत वारले. बंदराची कल्पना मधल्या काळात पुन्हा वर आली होती. २०२३ च्या जुलै महिन्यात त्याच प्राधिकरणाने संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टरांची भर घालावयाची, दहा किलोमीटरांहून अधिक लांबीचा लाटारोधक बांध घालावयाचा, आणि प्रत्येकी हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर-धक्के उभारावयाचे, अशी ती योजना आहे. मोठमोठ्या जहाजांना लागणारी खोली किनाऱ्यापासून फार दूर न जाता येथे मिळते. हे या जागेचे भाग्य, किंवा ज्याचा त्याने ठरवावा असा योग.

‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा ह्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे घुमत आली आहे. माझे स्नेही म्हणाले, “ह्या किनाऱ्याला बंदरे काही नवी नाहीत.” ते खरे आहे. चिंचणीस जे जुने ताम्रपट सापडले, त्यांतील शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या पटात राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र ह्याच्या वतीने संजाणच्या मंडळाचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. त्याचे नाव संस्कृतात ‘मधुमती’ असे झालेले. त्याने लोकांसाठी फुकट नावा चालविल्या आणि भात, तूप, कालवण मिळेल असे अन्नछत्र घातले. “म्हणजे परदेशी व्यापार येथे हजार वर्षे आहे,” स्नेही म्हणाले. मी म्हणालो, “होय, पण ती गलबते आली, थांबली आणि गेली. त्यांनी समुद्र बुजविला नाही.”

हे बोललो खरा, पण बोलताना स्वतःचाच आवाज मला थोडा परका वाटला. कारण मी ज्या दिव्याखाली वाचतो त्याच्या उजेडात तारापूरचाही वाटा असेल. माझ्या टेबलावरील अर्धी पुस्तके, आणि ज्या मोटारीत बसून मी हे निसर्गप्रेम करावयास आलो तिचे कित्येक सुटे भाग, कोठल्या ना कोठल्या बंदरातून पेटाऱ्यात बंद होऊनच आले असणार. बंदर नको, असे ठणकावून सांगण्याचा अधिकार त्या बाईला आहे. मला तो आहे असे म्हणवत नाही. बंदर किनाऱ्यावर नव्हे, समुद्रात होणार, तेव्हा खडकाला काय धक्का, असा एक युक्तिवाद आहे, आणि तो वरवर ठीकही दिसतो. पण स्नेह्यांनीच त्यावर शंका काढली, आणि ह्या बाबतीत ते अधिकारी आहेत. लाटा रोज दोन वेळा हा खडक धुऊन काढतात म्हणून तो उघडा राहतो. पुढे मोठा बांध झाला आणि पाणी संथ झाले की, संथ पाण्यातला गाळ तळाशी बसतो. तो कोठे बसेल, किती बसेल, ह्याचे गणित मांडणारे मांडतात. “गाळ बसला तर?” मी विचारले. ते म्हणाले, “मग तुम्हांला पाहिजे तशी मऊ जमीन पायाखाली येईल.” आणि स्वतःच्या विनोदावर ते हसले नाहीत.

सूर्य खाली गेला होता. पूर्वेस ताडांच्या मागे पौर्णिमेचा चंद्र वर येत होता, आणि पाणी फिरले होते. ओहोटीचे पाणी मागे जाते ते कळते. भरतीचे येते ते कळत नाही. ज्या फटीत मघाशी काही नव्हते तीत अचानक बोटभर पाणी हलू लागते, एवढेच. खडकांत पसरलेल्या बायका एकेक करून किनाऱ्याकडे निघाल्या. कोणी हाक मारली नव्हती, कोणाच्या हाती घड्याळ नव्हते.

ती बाई आमच्या वाटेवरच भेटली. सौभाग्यवतीने तिच्याकडून एक वाटा कालवे घेतली आणि आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षे झाली त्यांत प्रथमच भाव न करता पैसे दिले. ते शिजवावयाचे कसे ह्यावर दोघींचे बोलणे चालले असता मी धीर करून विचारले, “मावशी, तुमच्या गावचा एक मुलगा पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकत होता. तो आता कोठे असतो, सांगता येईल?” आणि त्याचे नाव व आडनाव सांगितले.

ती थांबली. “त्या आडनावाचं तर अर्धं गाव. आणि त्या नावाचे चारजण मलाच ठाऊक हायत. बापाचं नाव काय?”

बापाचे नाव मला माहीत नव्हते. हजेरीच्या पटावर ते एका अक्षरात लिहिलेले असे. ते अक्षरही आता आठवेना. त्याचा क्रमांक आठवला, तो सांगून उपयोग नव्हता.

“दिसायला कसा?”

“अक्षर फार सुंदर होते,” मी म्हणालो. मग ही काही खूण नव्हे हे लक्षात येऊन पुढे बोललो, “त्याची आई येथे खडकावर येत असे.”

बाई मोठ्याने हसली. तिच्याबरोबरच्या दोघीजणीही हसल्या. “तेवढ्यानं कसा सापडायचा, मास्तर? आया सगळ्यांच्याच येतात.”

टोपली सावरून ती चालू लागली. मोटारीशी पोहोचल्यावर मी मागे पाहिले. सात-आठ दगडांपैकी मी पालथे घातले होते ते सहा. दोन तिने बसविले. म्हणजे आठ झाले. पण उलटविले होते ते सात की आठ की नऊ, हे मी मोजले नव्हते. मी पुन्हा खडकावर उतरलो. सौभाग्यवती मागून हाका मारीत होती, पाणी घोट्याशी आले होते, आणि चंद्राच्या उजेडात सगळे दगड सारखेच काळे दिसत होते.